जीडी पाटीची एमजीए : गॅरेजमधल्या नोंदी

१० जून २०२४

गाडी गोव्यातल्याच साखळी गावाहून टेम्पोत घालून फोंड्याला आणली. एमजीए, म्हणजे इंग्लंडच्या एमजी कंपनीची स्पोर्ट्स गाडी, पंधराशे सीसी, दोन माणसांची, उघडी. चाकं फिरतात, ब्रेक जाम, इंजिन पान्याने जोर लावूनही हलत नाही. नाक फायबरचं. मागचे दिवे प्रीमियर पद्मिनीचे. समोरची काच गायब, तिच्या जागी वीतभर उंचीची ॲक्रिलिकची पट्टी. रंग टपालपेटीचा लाल, तोही ब्रशने मारलेला.

नंबर अजून जीडीने सुरू होणारा, म्हणजे गोवा, दमण आणि दीव मिळून एक संघप्रदेश होता त्या काळातला. १९८७ साली गोवा राज्य झालं, पुढे जीए आलं. ही पाटी तशीच राहिली, कारण तेव्हा गाडी आधीच गोठ्याशेजारच्या पडवीत जाऊन बसली होती.

मालक पन्नाशीचे, मुंबईची नोकरी आटोपून गावी परतलेले. गाडी त्यांच्या चुलत आजोबांची. त्यांचं म्हणणं एका वाक्याचं: "दादा, फॅक्टरीतून निघाली तशी करून द्या." मी म्हटलं, आधी ती अशी कशी झाली ते बघू, मग बोलू. दिव्यांपासून नाकापर्यंत जे काही बदललंय ते हौसेचं आहे की गरजेचं, हे कळल्याशिवाय पाना लावण्यात अर्थ नाही.

१४ जून २०२४

आज कागद. मालकांच्या आत्यांनी पत्र्याच्या पेटीतून दोन पुस्तिका काढून दिल्या. एक पोर्तुगीज अमलातलं लिव्रेत, गाडीचं तेव्हाचं नोंदणीपुस्तक, १९५७ सालचं. दुसरी मुक्तीनंतरची आरसी. लिव्रेतवर रंग काळा, इंजिन नंबर 'बीपी१५जीबी'ने सुरू होणारा. एमजीएच्या सुरुवातीच्या पंधराशे सीसी इंजिनांचा हाच शिक्का. आरसीत मात्र १९६८ सालची एक नोंद आहे, इंजिन बदलल्याची, गोल शिक्क्यासकट, आणि नवा नंबर वेगळ्याच घराण्याचा.

मालकांचा चेहरा पडला. "म्हणजे मूळ इंजिन गेलंच?" गेलं. पण कुणीतरी त्या काळी आरटीओत जाऊन इंजिन बदलल्याची रीतसर नोंद करून घेतली, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आजही कित्येक जण करत नाहीत.

पहिला मालक खाणवाल्यांच्या घरातला. हे सहज पटण्यासारखं आहे. १९५५च्या सुमारास भारताने आर्थिक नाकेबंदी केली, रेल्वे बंद झाली, सरहद्द बंद झाली. पण मुरगाव बंदरातून लोखंडाची खनिजं जहाजं भरभरून जात होती आणि परतीला युरोपचा माल उतरत होता. सरहद्दीपलीकडे भारतात परदेशी गाडी आणणं जवळजवळ अशक्य झालेलं. कारखाना काढायची योजना नसलेल्या कंपन्यांना तिकडे जागा उरली नव्हती, १९५४ पर्यंत फोर्ड आणि जनरल मोटर्सही गाशा गुंडाळून गेल्या होत्या. इकडे पैसे असले की बीटल घ्या, मर्सिडीज घ्या, एमजी घ्या.

स्टिअरिंग उजवीकडे आहे, याचं मालकांना नवल वाटलं. पोर्तुगालची गाडी डाव्या स्टिअरिंगची असायला हवी ना? पोर्तुगाल १९२८ साली रस्त्याच्या उजव्या बाजूला गेला, पण गोव्याला ब्रिटिश हिंदुस्थानचा शेजार होता, त्यामुळे इथे वाहनं डावीकडूनच चालत राहिली. म्हणून उजवं स्टिअरिंगच सोयीचं.

२२ जून २०२४

आतलं सगळं उतरवलं. सीटांखालची जमीन काढताना आमचा पोरगा हसायलाच लागला. एमजीएची जमीन मुळातच लाकडी असते, प्लायवुडचे तुकडे चासिसवर स्क्रूने बसवलेले. इथे प्लायवुड नाही. फणसाच्या फळ्या आहेत, इंचभर जाड, कडा रंध्याने साफ केलेल्या, सांध्याला खाच. घराचे दरवाजे-खिडक्या करणाऱ्या मेस्ताचं, म्हणजे कारागिराचं, काम आहे हे. पिवळा रंग अजून आतून ताजा, वाळवी नाही, कुजकं नाही. चालकाच्या टाचेखाली फळी बशीएवढी झिजली आहे, बस्स. या फळ्या मी काढून टाकणार नाही. मालकांना अजून सांगितलेलं नाही.

फळ्या निघाल्यावर चासिस दिसली आणि ती पाहून बरं वाटलं. या चासिसची एक गोष्ट आहे. १९५१ साली एमजीचे अभियंते सिड एनेव्हर यांनी जॉर्ज फिलिप्स याच्या फ्रान्समधल्या ल मॉंच्या शर्यतीसाठी एमजीच्याच आधीच्या टीडी गाडीवर एक बसकी, गोलसर बॉडी चढवली. दिसायला सुरेख, पण टीडीची चासिस अरुंद, त्यामुळे माणूस चासिसच्या वर बसायचा आणि अर्धा वाऱ्यात. एनेव्हरनी मग चासिसचे दोन्ही बाजूंचे डांडे बाहेरच्या अंगाला वाकवले, म्हणजे बसणारा त्यांच्यामध्ये खाली उतरेल. एमजीए जमिनीला टेकून चालल्यासारखी दिसते त्याचं कारण हे. जून १९५५ मध्ये याच घडणीच्या तीन गाड्या ल मॉंला उतरल्या, एक अपघातात गेली, दोन शेवटपर्यंत धावल्या. सप्टेंबरात फ्रॅंकफर्टच्या प्रदर्शनात विक्रीची गाडी मांडली. १९६२ पर्यंत ॲबिंग्डनच्या कारखान्यातून १,०१,०८१ एमजीए निघाल्या, त्यातल्या ५८,७५० पंधराशेच्या. बहुतेक सगळ्या देशाबाहेर गेल्या, सर्वांत जास्त अमेरिकेत.

आमचे डांडे ठोकून पाहिले. पेटीसारखे बंद डांडे असतात, आत पाणी साठलं की आतून सडतात. उजव्या डांड्याला मागच्या चाकापुढे हातभर लांबीचा तुकडा बदलावा लागेल. बाकी खणखणीत. समुद्रापासून लांब, साखळीत राहिली हे नशीब. कळंगुटला असती तर चासिस झाडूने गोळा करावी लागली असती.

५ जुलै २०२४

पाऊस. वेल्डिंग बंद. दारं उघडली. एमजीएच्या दारांना, बॉनेटला आणि डिकीच्या झाकणाला ॲल्युमिनियमचा पत्रा, दाराचा सांगाडा लोखंडी. खारट दमट हवेत हे दोन धातू एकमेकांना चिकटून राहिले की ॲल्युमिनियम आधी जातं. दाराच्या तळाशी पांढरी भुकटी जमली होती, बोटाने पत्रा पार झाला. खालची चार बोटं कापून नवा पत्रा जोडायचा, आणि या खेपेला मध्ये पातळ टेप.

१९ जुलै २०२४

रंग. जुने थर तपासायचं काम मी स्वतः करतो, पोरांना देत नाही. डिकीच्या झाकणावर रुपयाएवढी जागा निवडून ३२० नंबरचा वॉटर पेपर ओला करून फिरवला, मग ४००, मग ६००. कडेपासून मध्यापर्यंत थर उघडे पडले: वरचा लाल सिंथेटिक, त्याखाली पुट्टी, मग भडक पिवळा, मग बारीक भेगा गेलेला काळा, मग प्रायमर आणि शेवटी पत्रा. काळा लिव्रेतशी जुळतो, कारखान्याचा. तो कापडावर थिनर लावून पुसला तर कापडावर उतरतो, म्हणजे जुना सेल्युलोज. लाल उतरत नाही.

मालकांची एक आवडती गोष्ट आहे: आजोबा ही गाडी घेऊन मद्रासजवळच्या शोलावरमला शर्यतीला गेले होते. युद्धातल्या विमानांच्या धावपट्टीवर तिथे पन्नाशीच्या दशकापासून शर्यती होत, हे खरं. पुरावा म्हणून ते तीन गोष्टी दाखवतात. काच काढलेली, डिकीवर भोकं, आणि दारावर लाल रंगाखालून वर आलेला गोल, त्यात ७ हा आकडा.

गोल मी आज पूर्ण उघडा केला. पांढरा गोल, आत काळा ७. पण तो पिवळ्या रंगावर काढलेला आहे, ब्रशने, आणि कडेला चमकी चिकटली आहे. डिकीच्या झाकणाला आणि मागच्या भागाला मिळून आठ भोकं, समोरासमोर जोड्यांनी, आणि प्रत्येक भोकाच्या आत काठावर पिवळा रंग उतरलेला. म्हणजे आधी भोकं पाडली, मग पिवळा मारला. शर्यतीच्या गाडीला पट्ट्यांचे हुक लागतात, डोक्यामागे लोखंडी कमान लागते. चासिसवर कुठेही तसल्या वेल्डिंगचा डाग नाही. जोडीजोडीने आठ भोकं लागतात ती वर सांगाडा उभा करायला.

आत्यांना फोन लावला. त्यांनी लगेच सांगितलं, कार्निव्हल! मुक्तीनंतर पणजीत चित्ररथ निघू लागले तेव्हा आजोबांनी गाडी दिली होती, वर बांबूचा आणि कापडाचा प्रचंड मोठा मासा. काच माशाच्या आड येत होती म्हणून काढली, ती परत बसवायची राहून गेली. ७ हा चित्ररथाचा क्रमांक. "शर्यत कसली? पणजीच्या रस्त्यावरून चालण्याच्या वेगाने गेली, आणि तरी बॉनेटमधून वाफ येत होती."

मालक दिवसभर गप्प होते. मला विचाराल तर शोलावरमला गेलेल्या गाड्या पुष्कळ असतील, कापडाचा मासा वाहिलेली एमजीए दुसरी निघणं कठीण.

३ ऑगस्ट २०२४

कुडचड्याला जाऊन आलो. १९६८ साली इंजिन बदललं ते मेकॅनिक अजून आहेत, ऐंशी ओलांडलेले, नजर अधू, हात मात्र अजून मेकॅनिकचे. मी 'काका' म्हणालो तर म्हणाले, काका नको, मेस्त म्हण, सगळे तेच म्हणतात.

हकीगत अशी. १९६१ पर्यंत गाडी धावून धावून धावणार कुठे? गोवा ३,७०२ चौरस किलोमीटर, सरहद्दी बंद, आणि दर दोन तासांच्या वाटेवर एक नदी आणि एक फेरीबोट. मांडवीवर पूल झाला तो १९७०च्या सुमाराला. ताशी दीडशे किलोमीटर जाणारी गाडी फेरीच्या रांगेत उभी राहायची. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला आणि माघार घेताना उडवलेले पूल दुरुस्त झाले, तसे लोक पहिल्यांदा गाडी घेऊन बेळगावला निघाले. आजोबाही. दर महिन्याला, कधी पंधरवड्याला. अनमोड घाटात, चढावर, तापलेल्या इंजिनात तेल कमी असताना तिसऱ्या सिलिंडरचा कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला.

ब्लॉक इंग्लंडहून मागवायचा तर परवाना, परकी चलन, वर्षभर वाट. "कितें करतलो?" मेस्त म्हणाले. बेळगावात अपघातात गेलेली एक टॅक्सी विकायला होती, ॲम्बॅसेडर.

इथे वाचणाऱ्यांतल्या गाडीवेड्यांच्या लक्षात आलंच असेल. ॲम्बॅसेडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्डची तिसरी आवृत्ती, उत्तरपाड्याला बनणारी. पहिली दोनेक वर्षं तिच्यात साइड व्हॉल्व्हचं इंजिन होतं, मग १९५९च्या सुमाराला ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं बी-सिरीज आलं: १४८९ सीसी, बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ७३ मिलिमीटर, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची चाल, ८८.९. एमजीएचं इंजिनही बी-सिरीज, १४८९ सीसी, बोअर तोच, स्ट्रोक तोच. एकाला एक कार्ब्युरेटर आणि कमी कॉम्प्रेशन, माणसं आणि सामान ओढण्यासाठी. दुसऱ्याला दोन एसयू कार्ब्युरेटर, मोठे व्हॉल्व्ह, ७२ अश्वशक्ती. सरकारी कचेऱ्यांतली पांढरी गाडी आणि ही, दोघी सख्ख्या बहिणी. मेस्तांना हे कुठल्या पुस्तकातून कळलं नाही. त्यांनी टॅक्सीचं इंजिन खाली काढलं, दोन्ही शेजारी मांडले, आणि कॅलिपर लावला.

पुढची आणि मागची प्लेट एमजीची, फ्लायव्हील एमजीचं, कारण गिअरबॉक्स एमजीची ठेवायची होती. ॲम्बॅसेडरचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, तो या गाडीत बसवायचा कुठे? हेडही एमजीचंच, दोन्ही कार्ब्युरेटरसकट. ब्लॉक, क्रॅंक आणि पिस्टन टॅक्सीचे.

निघताना त्यांनी बिस्किटाच्या डब्यातून पत्र्याची एक पट्टी काढून दिली. फुटलेला ब्लॉक भंगारात घालताना त्यांनी रिव्हेट छिनीने तोडून नंबरची पट्टी काढून ठेवली होती. बीपी१५जीबी आणि पुढचे आकडे. लिव्रेत खिशात होतं, ताडून पाहिलं, तेच.

२० ऑगस्ट २०२४

इंजिन मोकळं केलं. पेनिट्रेटिंग तेल ओतून आठवडाभर मुरवल्यावर क्रॅंक हलला. मेस्तांनी सांगितलं ते जसंच्या तसं. इनलेट व्हॉल्व्ह ३८ मिलिमीटर, म्हणजे दीड इंची, एमजीचा. ॲम्बॅसेडरच्या साध्या हेडला याहून लहान असतो. पिस्टन टॅक्सीचे. बोअरला वर ओठ जाणवतो, ओव्हरसाइज करावी लागेल, चाळीस थाऊ, म्हणजे इंचाचे चाळीस हजारांश. क्रॅंकला तीनच मेन बेअरिंग, जर्नल घासून एक अंडरसाइज.

हेडच्या सीटा, म्हणजे व्हॉल्व्ह जिथे टेकतात त्या कडा, खाल्ल्या गेल्या आहेत. जुन्या पेट्रोलमधलं शिसं या सीटांना वंगणासारखं सांभाळायचं. २००० साली देशभर शिसं बंद झालं, पण ही गाडी त्याआधीच थांबलेली, तेव्हा हे खाणं निव्वळ घाटांचं. तरी यापुढे चालायची तर कडक धातूच्या सीटा ठोकून घेणंच बरं. मडगावच्या लेथवर पाठवलं.

एक शोध: टॅकोमीटर, इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा काटा. एमजीएमध्ये तो केबलने चालतो आणि केबलला फिरवणारा छोटा गिअर इंजिनातल्या कॅमवर असतो. ॲम्बॅसेडरला टॅकोमीटर नाहीच, त्यामुळे तिच्या ब्लॉकला ते भोकही नाही. म्हणजे १९६८ पासून काटा शून्यावर. आजोबा पुढे पंधराएक वर्षं कानाने गिअर बदलत होते.

४ सप्टेंबर २०२४

चवथ आली. पोरं गावाला. गॅरेज बंद, अकरा दिवसांच्या गणपतीवाल्यांनी सावकाश यावं.

२८ सप्टेंबर २०२४

आज मालकांशी बसून स्पष्ट बोललो. इंग्लंडहून प्रमाणपत्र आलं आहे. तिथल्या ब्रिटिश मोटर म्युझियममध्ये एमजीच्या उत्पादनाच्या वह्या जपलेल्या आहेत, शुल्क भरलं की गाडीची जन्मनोंद मिळते. काळा रंग, उजवं स्टिअरिंग, इंजिन नंबर पट्टीवरचाच. हे हातात आल्यावर मालकांचा उत्साह दुप्पट: तिकडून एमजीएचं इंजिन मागवू, काच मागवू, नाक मागवू, सगळं नवं-जुनं करू.

माझं म्हणणं मी तीन भागांत मांडलं. काच, नाक आणि इंजिन एकाच मापाने मोजू नका. काच गेली ती गाडीच्या गरजेने नाही, विसरभोळेपणाने. ती आणा, नाहीतर पावसात चालवताच येणार नाही, आणि या गाडीला बाहेरून दाराची मूठ नाही की काचेची खिडकी नाही, निदान समोर तरी काही असू द्या. पद्मिनीचे दिवे जाऊ द्या. ते १९७४ नंतर कधीतरी लागले, त्यांना बसवायला मागच्या मडगार्डचा पत्रा ठोकून सपाट केलाय, ते काम करणाऱ्याला हातोडी धरता येत नव्हती.

पण इंजिन ठेवा. ते घालताना ज्याने काम केलं त्याला नेमकं काय करतोय हे माहीत होतं. सरकारदरबारी नोंद आहे. त्या इंजिनावर गाडी मूळ इंजिनापेक्षा जास्त वर्षं चालली. इंग्लंडहून कुठल्या तरी तिसऱ्याच गाडीचं इंजिन आणून बसवलं तर नंबर तरीही जुळणार नाही, फक्त बीपी१५जीबी ही अक्षरं जुळतील. मग ते 'मूळ' कसं?

फणसाच्या फळ्यांचंही सांगून टाकलं. त्यावर ते लगेच हो म्हणाले, कारण ते झाड त्यांच्या परसातलं होतं. हे मला आधी सांगितलं असतं तर एवढं बोलावं लागलं नसतं.

नाकावर वाद राहिला.

१९ ऑक्टोबर २०२४

डिफरन्शियल, म्हणजे मागच्या चाकांना फिरवणारी गिअरची पेटी, उघडलं. मेस्तांनी याचा उल्लेख केला नव्हता. क्राउनला, म्हणजे आतल्या मोठ्या दातेरी चाकाला, खडूने खूण करून दात मोजले: ४१. पिनियनला, म्हणजे लहान चाकाला, ९. भागाकार ४.५५. पंधराशेच्या एमजीएला १० आणि ४३ असतात, म्हणजे ४.३. इथेही बेळगावची टॅक्सी.

मेस्तांना फोन केला, तर त्यांनी 'हो, घातलं होतं' एवढंच उत्तर दिलं. मग थोड्या वेळाने त्यांचाच उलट फोन. कमी कॉम्प्रेशनच्या पिस्टनमुळे गाडी घाटात मरायला लागली होती. आजोबांना सपाटीवरचा वेग नको होता, अनमोड दुसऱ्या गिअरला न उतरता चढायचा होता. म्हणून टॅक्सीचं क्राउन-पिनियन. हिशेब बरोबर आहे. टॉप गिअरला हजार फेऱ्यांमागे मूळ गाडी साधारण २७ किलोमीटरचा वेग देते, ४.५५ ने तो २६च्या खाली येतो. टायर ॲम्बॅसेडरचे ५.९०-१५, मुळापेक्षा किंचित मोठे, त्यामुळे थोडं भरून निघतं. ज्याला ताशी ८०च्या वर जायचंच नाही त्याला याहून चांगली जुळणी सांगता येणार नाही.

दात शाबूत, एकाही कडेला खवली नाही. बेअरिंग आणि सील बदलून तसंच परत बसवलं.

९ नोव्हेंबर २०२४

नाक. मालकांनी आग्रह सोडला, पण फायबर काढून पाहिल्यावर. आतून चटईसारखी विणलेली जाड काच-कापडं, थरावर थर, ट्रॉलरच्या तळाला घालतात तशीच. झुआरीकाठच्या होड्यांच्या कारखान्यात केलेलं काम, ऐंशीच्या दशकातलं, गाडी माडावर आदळल्यानंतर. इतकं जाड की मूळ पत्र्यापेक्षा जड भरलं. आकार मात्र जमलेला नाही, जाळीची उभी वळणं चपटी झाली आहेत आणि बॉनेटची फट एका बाजूला अंगठा जाईल इतकी. माझ्या मते हे गेलं तरी चालेल, टिकाऊ आहे म्हणून सुंदर होत नाही. मडगार्डचे टोक पत्र्यातून घडवून घेतले, पत्रेकाम करणारे म्हापशाचे. फायबरचं नाक मालकांच्या पडवीत.

१४ डिसेंबर २०२४

इंजिन सुरू झालं. फायरिंग १-३-४-२, डेल्को, म्हणजे ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर, नव्या पॉइंटवर, तेलाचा दाब थंडीत ६० पौंड, तापल्यावर ४५च्या खाली नाही.

कार्ब्युरेटरनी मात्र दम काढला. एसयू एच-४, दीड इंची, जोडी. यांच्यातल्या जेटला गळती थांबवायला बुचाच्या लाकडाच्या चकत्या असतात. जुन्या चकत्या वाळून भुगा झालेल्या. नव्या घातल्या, दोन दिवसांत खालून पेट्रोलचे थेंब. पंपावर आता इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, वीस टक्क्यांपर्यंत, आणि इथेनॉल जुन्या रबराला आणि बुचाला जुमानत नाही. शिवाय हवेतलं पाणी ओढतं, गोव्याच्या हवेत ते काही कमी नाही. शेवटी चकत्यांच्या जागी इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या रिंगा, पाइप सगळे बदलले, पेट्रोलच्या विजेच्या पंपाचा पडदा नवा. टाकी रिकामी ठेवून महिनोन् महिने उभी करायची नाही, हे मालकांना लिहून दिलं.

दोन्ही कार्ब्युरेटरची हवा सारखी करायला माझ्याकडे मीटर आहे, पण मेस्त आले होते. त्यांनी रबरी नळीचा तुकडा एक टोक कानाला, दुसरं तोंडाशी धरून सूं-सूं आवाज ऐकला, स्क्रू पाव फेरी फिरवला. नंतर मी मीटर लावला. काटे जुळलेले.

११ जानेवारी २०२५

मोले ओलांडून अनमोड घाट. मालक चालवत, मी शेजारी. काच अजून आलेली नाही, गॉगल घालून. पाणी ८५ अंशांवर स्थिर. तिसऱ्या गिअरमध्ये घाट चढते, दुसरा लागला तो फक्त खनिजाच्या ट्रकांमागे अडकल्यावर. उतारावर ड्रम ब्रेक दोनदा दाबल्यावर वास मारतात, मग गिअरवर उतरलो. पुढचे धक्के झेलणारे लीव्हरवाले डॅम्पर एका बाजूला अजून मऊ, तेल बदलून पाहतो.

फोंड्यात परतताना सपाट रस्त्यावर ८०ला इंजिन ओरडतं. मालक म्हणाले, पाचवा गिअर आहे असं वाटून हात सारखा दांड्याकडे जातो.

५ फेब्रुवारी २०२५

कागदांचं काम. मालकांना व्हिंटेज नोंदणी हवी होती. २०२१च्या जुलैत केंद्राने त्यासाठी वेगळे नियम केले: पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली गाडी, दहा वर्षांची मुदत, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, पाटीत 'व्हीए' अक्षरं. जुना नंबर असलेल्यांना तो ठेवता येतो. पण दोन अटी आड येतात. एक, गाडी मूळ रूपात हवी, चासिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नको. दोन, अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. दुसरी अट मालकांनाच नको होती, त्यांना साखळीच्या बाजाराला गाडी न्यायची आहे.

मग साधा रस्ता. कुठल्याही खासगी गाडीसारखं तपासणी करून पाच वर्षांचं नूतनीकरण. निरीक्षकाने चासिस नंबर पेन्सिलने कागदावर उतरवून घेतला, इंजिनाचा नंबर आरसीशी ताडला. १९६८ची ती नोंद नसती तर आज इथे अडकलो असतो: इंजिन एक, कागद दुसरा. नोंद आहे, शिक्का आहे, नंबर जुळतो. थकलेला कर आणि उशिराचा दंड भरला, बाकी प्रश्न नाही.

पीयूसीला जुन्या पेट्रोल गाड्यांची मर्यादा कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के. पहिल्यांदा ४.१. दोन्ही जेट नटाच्या एकेका कडेने वर चढवले, २.६ आला. तेवढ्याने इंजिन थोडं दमतं, पण चालतं.

बाकी राहिलेलं: समोरची काच मुंबई बंदरात आहे. डॅम्परचं तेल. टॅकोमीटर आतून बदलून विजेवर चालवायचा की तसाच ठेवायचा, यावर मालक आणि त्यांची मुलगी भांडत आहेत. रंग काळा ठरला, पण दारावरचा ७ मालकांनी झाकू दिला नाही. उघडलेला गोल तसाच ठेवून चारही बाजूंनी टेप लावली आहे. काळा मारायचा तो कडेपर्यंत आणून थांबवायचा, आणि ती कड साफ यायला हवी, म्हणून रंगारी सोमवारी स्वतः बघायला येतो.